गाणारी समोर बसली पाहिजे

मैत्रिणींनो, नव्या घरात गेलं की पहिले सहा महिने कशात जातात, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पडदे, डबे, ओट्याखालच्या ट्रॉल्या, पाहुण्यांसाठी दोन जास्तीच्या गाद्या. यातून जरा उसंत मिळाली की मग आठवतं, अगंबाई, घरात गाणं नाही!

एका वाचक भगिनीने नेमकं हेच लिहिलं आहे. "हॉल दहा बाय बारा. शिकवण्यांचे पैसे साठवले आहेत. मोबाइलच्या चिरक्या आवाजात गाणं ऐकून कंटाळले, आता चांगली स्पीकरची जोडी घ्यायची. दुकानदार नुसते वॉट सांगतो. यजमान म्हणतात, कमरेएवढे उंच स्पीकर घेऊ. मी मध्ये काही बोलले की दोघंही हसतात. मला मशीनमधलं कळत नाही हे खरं. मी काय बघून घ्यावं?"

बाई गं, मशीनमधलं कळायला हवं कुणाला? गाणं बेसूर झालं की कळतं ना तुम्हाला? मग निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं आज सांगते. पण आधी आमच्या घरची फजिती ऐका.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्हीही हौसेने जोडी आणली. सासूबाईंची नजर तेव्हा अधू होत चालली होती. वाचन सुटलं, टीव्ही सुटला. उरलं होतं ते गाणं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा शेजारच्यांच्या रेडिओपुढे बसून ऐकलेली बाई ती! त्यांच्यासाठीच तर एवढा खर्च. एक स्पीकर शोकेसच्या खालच्या फळीवर बसवला. दुसरा तिथे मावेना, म्हणून तो कपाटावर चढवला. दिसायला झकास. माणिक वर्मांची भावगीतं लावली. सासूबाई म्हणाल्या, "गाणं ऐकू येतंय गं, पण गाणारी समोर बसत नाही."

आम्हाला वाटलं, वय झालं, कान गेले असतील. आम्ही आवाज वाढवून दिला. हळूहळू "लाव गं जरा गाणं" हे म्हणणंच त्यांनी सोडून दिलं. दोन वर्षं गेली. चूक कुठे होती, ते शेवटी सांगते.

लहान की मोठे?

दहा बाय बाराच्या खोलीला लहान, म्हणजे 'बुकशेल्फ' स्पीकरच बरे. यजमानांना सांगा, हा काही गरिबीचा पर्याय नव्हे. पूर्वी खोल खर्जासाठी कपाटाएवढी खोकी लागत. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी खोकं हवाबंद करून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि फळीवर मावेल एवढ्या खोक्यातून तसा खर्ज काढून दाखवला. छोट्या खोलीत मोठे स्पीकर आणले तर खर्ज भिंतींवर आपटून घुमतो, आणि तबल्याच्या डग्ग्याचा नुसता 'घूंऽऽ' उरतो. शिवाय खर्ज भिंतीतून पलीकडे जातो. शेजारीण बोलली नाही तरी तिचं तोंड बोलतं!

खालच्या मोठ्या पडद्याला वूफर म्हणतात, वरच्या छोट्याला ट्वीटर. तुमच्या खोलीला पाच ते साडेसहा इंची वूफर पुष्कळ झाला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झला बोलते. पाच इंची चांगला स्पीकर तिथवर सहज पोचतो. त्याखाली जे असतं ते मुख्यतः सिनेमातल्या स्फोटांचं. ते नसलं म्हणून काही अडत नाही.

यांच्यात दोन जाती आहेत. एकीच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो. वीज द्या, मोबाइल किंवा टीव्ही जोडा, की झालं. दुसरीला ॲम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. पहिलीत पसारा कमी, पण आतलं काही बिघडलं तर जोडीच दुरुस्तीला जाते. दुसरीत पुढेमागे एकेक वस्तू बदलता येते. जागा आणि पैसे मोजकेच असतील तर पहिली घ्यावी. दुसरी घ्यायची तर निदान निम्मी रक्कम स्पीकरसाठी राखावी, आणि स्टँडचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

आकड्यांना भुलू नका

एके काळी खोक्यांवर 'पी.एम.पी.ओ.' अशी अक्षरं आणि पुढे हजारांतले वॉट छापलेले असत. तो आकडा क्षणभराचा, म्हणजे फुगवून सांगितलेला. विचारायचे ते 'आर.एम.एस.' वॉट. त्याहून महत्त्वाचा आकडा 'सेन्सिटिव्हिटी'चा: एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर आवाज किती, तो डेसिबलमध्ये. लहान स्पीकरचा बहुधा ८५ ते ८८ असतो. यात तीन डेसिबल कमी असले की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतात. आता बघा, घरातली बोलचाल साधारण ६० डेसिबलची. म्हणजे एका वॉटमध्येच हॉल पुरेसा भरतो. वरच्या ठेक्यांसाठी म्हणून प्रत्येक बाजूला वीस-तीस वॉट असले की भरपूर. ॲम्प्लिफायर वेगळा घेणार असाल तर स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं पाहावं. तो ॲम्प्लिफायरला झेपायला सोपा.

दुकानात जाताना

साडी घेताना आपण पदर उलगडून, उजेडात नेऊन बघतो की नाही? दुकानदाराने लावलेल्या दिव्यावर विसंबत नाही. इथेही तेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानदाराचं ढणढण गाणं ऐकून निर्णय घेऊ नये. स्वतःची तीन गाणी मोबाइलमध्ये न्यावीत.

पहिलं, तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गायिकेचं. शब्दातला 'स' आणि 'श' कानाला टोचत असेल तर तो स्पीकर पुढे ढकला. दुसरं, ज्याच्या सुरुवातीला तंबोरा स्वच्छ वाजतो असं. जवारीची ती सोनेरी झिलई ऐकू आली पाहिजे, नुसती गुणगुण नको. तिसरं, तबल्याचं; डग्ग्याची मींड आणि चाटीची टणक अक्षरं वेगवेगळी कळली पाहिजेत.

शिवाय एखाद्याचं साधं बोलणंही लावून बघावं. माणसाचा आवाज आपल्या कानांच्या इतका ओळखीचा, की खोटं लगेच पकडलं जातं. १९७०च्या दशकात बी.बी.सी.ने ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर बनवला, तोही माणसाच्या बोलण्यावर पारखून. आजही जाणकार त्याचं नाव काढतात.

एक युक्ती मात्र ध्यानात ठेवा. जो स्पीकर जरासा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. म्हणून दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला सांगावा. आणि घाई नको. वीस मिनिटं बसावं. पहिल्या मिनिटाला चमकदार वाटलेला स्पीकर विसाव्या मिनिटाला डोकं उठवत असेल, तर घरी रोज काय होईल? पसंत पडल्यावर विचारावं, "घरी नेऊन नाही आवडलं तर बदलून द्याल?" आणि हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्यावं.

घरी आणल्यावर

इथे पैसे लागत नाहीत, आणि निम्मी गोडी इथेच असते. नाव बुकशेल्फ असलं तरी फळीत कोंबू नयेत. भिंतीपासून निदान वीतभर पुढे, कोपऱ्यापासून दूर, मागे भोक असेल तर आणखी थोडे पुढे. दोघांची उंची एकच. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच तुमच्यापासून प्रत्येकाचं. तिघांचा त्रिकोण झाला पाहिजे. ट्वीटर कानाच्या पातळीला यावा. तुम्ही कोचावर बसता की खाली सतरंजीवर, ते आधी ठरवा आणि मग स्टूल निवडा! नवी फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज उलटा फेकतात. तेव्हा सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचं कपाट असू द्यावं.

वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर वायरी जपून लावाव्या. लाल खुंटीला लाल, काळीला काळी, दोन्हीकडे. एकाची जरी उलट झाली तरी खर्ज पातळ होतो आणि आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो.

आता आमची चूक तुमच्या ध्यानात आली असेल. एक स्पीकर गुडघ्याशी, एक डोक्यावर, आणि वायर उलटी. दिवाळीला नणंदेचा मुलगा आला. त्याने दोन्ही स्पीकर खाली काढले, स्वयंपाकघरातल्या दोन सारख्या स्टुलांवर ठेवले, मागची वायर बदलली. दहा मिनिटांचं काम. सासूबाई वाती वळत होत्या. तेच भावगीत लावलं. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "आता बसली."

पुढची सहा वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी गाणं ऐकलं. आधीची दोन मात्र आम्ही हकनाक घालवली. वयाबरोबर बारीक, उंच आवाज कमी ऐकू येतात हे खरं, आणि शंका असेल तर कानाच्या डॉक्टरांना जरूर दाखवावं. पण घरातलं म्हातारं माणूस म्हणालं की गाणं नीट लागत नाही, तर त्याच्या कानांवर शिक्का मारण्याआधी स्पीकर तपासून बघावा.

तेव्हा भगिनी, आपली गाणी घेऊन दुकानात जा. डोळे मिटून ऐका, आणि गाणारी समोर बसते का तेवढंच बघा. बसली, तर तोच स्पीकर तुमचा. तेव्हा कुणी हसलं तर हसू द्या. घरी आल्यावर तेही ऐकत बसतील!