रोलर कोणाचा?

अमरावती-अकोला रस्त्यावर हाडे खिळखिळी करून घेतलेल्यांपैकी मीही एक. त्याच रस्त्यावर ३ ते ७ जून २०२२ या काळात ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला, गिनेस बुकात नोंद झाली. (दुपदरी हिशेबाने ३७.५ किलोमीटर, हेही सांगून टाकावे.) ७२० माणसे राबली, मुख्य म्हणजे पेव्हर, रोलर जाग्यावर होते.

खेड्याच्या रस्त्याचे काय? पूर्वी बांधकाम खात्याचे रोलर ठेकेदाराला भाड्याने मिळत, भाडे बिलातून कापले जाई. रोलर किती दिवस फिरला, ते आपोआप खात्याला कळे! आता यंत्र मालकीचे नसेल तर भाडेकरार निविदेला जोडायचा. लहान ठेकेदाराला ही मुभा हवीच. लाखोंचा पेव्हर तो कुठून आणणार? पण करारनामा यंत्र असल्याचे सांगतो, ते दर्यापूरकडच्या काळ्या मातीत वेळेवर आल्याचे नव्हे. डांबर गार झाल्यावर रोलर आला, तर पहिल्याच पावसात खडी उघडी पडते. म्हणून बिल निघण्याआधी रोलरच्या तासांची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, एवढेच माझे मागणे आहे.