लढत थांबवणारं माणूस हवं

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आरोग्य तपासणीला एक आई आमच्यासमोर येऊन बसली. बीपी तपासून झालं, साखर तपासून झाली, तरी उठेना. मग हळूच म्हणाली, "ताई, पोरगा बॉक्सिंगला जातो म्हणतो. मैदानावरचे सर शिकवायला तयार आहेत. पाठवू का नको?" पोराच्या मोबाईलवर मुहम्मद अलीचा फोटो. रात्री आरशासमोर उभा राहून त्याच्यासारखे पाय नाचवतो म्हणे. बाप म्हणतो, रस्त्यावर हाणामाऱ्या करण्यापेक्षा बरं. आजी म्हणते, डोक्याला लागलं तर कोण निस्तरणार?

आम्हाला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. बाप बोलतो ते खरं आहे आणि आजी बोलते तेही. आमच्या मते त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या मोबाईलमधल्या माणसाच्याच आयुष्यात आहे. पण ते पूर्ण वाचावं लागेल. आपली पोरं अर्धंच वाचतात.

आधी ते अर्धं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर. गोऱ्यांची हॉटेलं वेगळी, काळ्यांची वेगळी, असा तो काळ. तिथे १७ जानेवारी १९४२ रोजी कॅशियस क्ले जन्मला. बाप पाट्या रंगवायचा, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक करायची. बारा वर्षांचा असताना त्याची सायकल चोरीला गेली. चोराला बडवतो म्हणून रडत-ओरडत तो पोलिसाकडे गेला. जो मार्टिन नावाचा तो पोलीस मुलांना बॉक्सिंगही शिकवायचा. तो म्हणाला, बडवायचं असेल तर आधी लढायला शीक. तिथून सुरुवात. सहा वर्षांनी, १९६० मध्ये, रोम ऑलिम्पिकमध्ये या पोराने सुवर्णपदक घेतलं. १९६४ मध्ये सॉनी लिस्टन या दांडग्या विजेत्याला हरवून बावीसाव्या वर्षी तो हेवीवेट जगज्जेता झाला.

लगेच त्याने जाहीर केलं, कॅशियस क्ले हे गुलामीचं नाव आहे, ते मी टाकलं. तो मुसलमान झाला, मुहम्मद अली झाला. वर्तमानपत्रं कित्येक वर्षं हट्टाने जुनंच नाव छापत राहिली. धर्म बदलला, नाव बदललं, तरी लोक जुन्याच नावाने का हाक मारतात, हे आपल्या घरांना समजावून सांगायची गरज नाही.

१९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला. पदवी काढून घेतली, लढायचा परवाना गेला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा लागली. अपील चालू असल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, पण साडेतीन वर्षं रिंग बंद. शेवटी १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. एवढं सगळं आपल्या पोरांना माहीत असतं आणि माहीत असावंच. त्या धैर्याला आमचाही सलाम आहे.

आता राहिलेलं अर्धं. ते नर्सच्या डोळ्यांनी वाचायचं आहे.

बंदीच्या आधी अलीला मारणं अवघड होतं. एवढा उंच माणूस, पण पाय असे की समोरच्याचा ठोसा हवेतच जायचा. ऐन पंचविशी ते अठ्ठावीस ही वर्षं बंदीत गेली. परत आला तेव्हा पायांत ती चपळाई राहिली नव्हती. मग त्याला आपली दुसरी ताकद सापडली, ती म्हणजे मार सोसण्याची. १९७१ मध्ये जो फ्रेझियरसमोर पंधरा फेऱ्या लढून हरला. १९७३ मध्ये केन नॉर्टनने जबडा मोडला, तरी लढत पुरी केली. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर दोरांना टेकून त्याचे ठोसे अंगावर घेत राहिला आणि फोरमन दमल्यावर आठव्या फेरीत त्याला पाडलं. जगाने टाळ्या वाजवल्या. पण मार सोसता येतो म्हणजे मार लागत नाही असं नाही. शरीर हिशेब ठेवतं आणि वसुली पुढे करतं.

१ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात अली आणि फ्रेझियर तिसऱ्यांदा समोरासमोर आले. चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझियरचे डोळे सुजून बंद होत आले होते, समोरून येणारा ठोसा दिसत नव्हता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी पंधराव्या फेरीला त्याला उठूच दिलं नाही. तो विनवत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. रिंगमध्ये जीव गेलेले बॉक्सर त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एकच फेरी उरली होती, जगज्जेतेपद पणाला होतं आणि त्या माणसाने पोराचा जीव निवडला. फ्रेझियर हरला, पण त्यानंतर ३६ वर्षं जगला. आम्हाला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात शूर माणूस रिंगच्या कोपऱ्यात उभा होता.

अलीच्या वाट्याला असा माणूस वेळेवर आला नाही. खरं तर एक आला होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. डॉ. फर्डी पाचेको हे अलीचे कित्येक वर्षांचे डॉक्टर. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी पंधरा फेऱ्यांची लढत झाली. त्यानंतरच्या तपासणीत मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत असं दिसलं. पाचेको यांनी तो रिपोर्ट अलीला, त्याच्या बायकोला, मॅनेजरला, प्रशिक्षकाला पाठवला. आता थांबा, असं कळवलं. कुणाचंही उत्तर आलं नाही. डॉक्टरांनीच मग काम सोडलं.

अलीच्या एका लढतीवर कितीतरी माणसांच्या चुली पेटत होत्या. जो कमावतो त्याला थांब म्हणणं कुणालाच परवडत नाही. आपल्या घरांतही हेच होतं. कमावत्या माणसाच्या छातीत दुखलं तरी "सुट्टी घेतली तर खाडा पडेल" म्हणून तो कामावर जातो, आणि घरातलं कुणी अडवत नाही.

मग आलं १९८०. अली अडतीस वर्षांचा, समोर तिशीतला लॅरी होम्स. लढतीआधी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट नाकाला लावताना थोडी चूक होते, एका पायावर उड्या मारताना हवी तशी चपळाई नाही, असं रिपोर्टात लिहिलेलं होतं. तरीही लढायला हरकत नाही असा निष्कर्ष निघाला आणि परवाना मिळाला. त्यात वजन झपाट्याने उतरवलेलं आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू, त्याही सांगितल्यापेक्षा जास्त घेतलेल्या. या गोळ्या गरजेपेक्षा जास्त झाल्या की काळजाचे ठोके वाढतात, अंगातलं पाणी आणि ताकद जाते. दहा फेऱ्या अलीने नुसता मार खाल्ला. मग प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. तरीही १९८१ मध्ये तो आणखी एकदा लढला आणि हरला. एकूण ६१ लढती, ५६ जिंकल्या, ५ हरल्या. त्या पाचांतल्या तीन शेवटच्या चार लढतींमधल्या आहेत.

१९८४ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सनसारखा आजार आहे. वय फक्त ४२. बोलणं अडखळत होतं, चाल मंदावली होती, हात थरथरत होते. जगात सगळ्यात जास्त बोलणारा खेळाडू हळूहळू गप्प झाला. तो २०१६ पर्यंत जगला.

हा आजार ठोशांमुळेच झाला का? यावर डॉक्टरांचं एकमत नाही. काही जण ठोशांकडे बोट दाखवतात. त्याच्यावर उपचार केलेल्यांपैकी काहींच्या मते हा कमी वयात होणारा नेहमीचा पार्किन्सनही असू शकतो. म्हणून आम्हीही ठाम सांगणार नाही. पण डोक्यावर वर्षानुवर्षं मार बसला की मेंदू खराब होतो, याबद्दल वाद नाही. १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांच्या या आजारावर लिहिलं होतं. झोकांड्या जाणं, बोबडं बोलणं, विसरणं, विनाकारण चिडणं ही त्याची लक्षणं. दारू न पिता माणूस प्यायल्यासारखा दिसतो. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लास वेगासच्या लढतीत कोसळला आणि मेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या.

डोक्याच्या आत काय होतं ते दह्याच्या डब्यावरून समजून घ्या. बंद डबा जोरात हलवला तर डब्याला पोचा पडत नाही, पण आतलं दही फुटतं. मेंदूचं तसंच आहे. ग्लोव्हज हाताची हाडं वाचवतात. हेडगार्डने कातडी फाटणं कमी होतं. पण आतलं हलणं दोन्हींनी थांबत नाही. म्हणून "त्याला कुठे रक्त आलंय?" हा प्रश्न चुकीचा आहे.

वॉर्डात असताना आम्ही असाच एक माणूस पाहिला. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, परांचीवरून पडलेला. आधी नेलं तिथे टाके घालून घरी पाठवलं. रात्री काय बघायचं ते घरच्यांना कुणी सांगितलं नाही. घरी येऊन तो चहा प्याला, पोरांशी बोलला. मग डोकं दुखतंय म्हणून झोपला. उलट्या झाल्या, त्या उन्हाच्या असतील असं वाटलं. आमच्याकडे आणला तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. त्याने सकाळ पाहिली नाही. त्याची बायको आम्हाला एवढंच विचारत राहिली, "पण तो तर बोलत होता ना?"

हो, बोलत असतो. म्हणून हे भिंतीवर लिहून ठेवा. डोक्याला मार लागल्यावर पुढचा पूर्ण दिवस आणि रात्र त्या माणसाजवळ कुणीतरी असावं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बरळणं, फिट, हातापायातली ताकद जाणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणं, अंगारा लावणं, "झोपू द्या, बरं वाटेल" म्हणणं, यात मोलाचा वेळ जातो.

आणि डोक्याला मार फक्त रिंगमध्ये लागत नाही. दारू पिऊन आलेला नवरा बायकोचं डोकं भिंतीवर आपटतो, कानाखाली मारतो. दर आठवड्याला हे चालतं. मग ती विसरायला लागते, चक्कर येते म्हणते, आणि घरातले म्हणतात ढोंग करते. रिंगमध्ये रेफरी असतो, डॉक्टर असतो, दर तीन मिनिटांनी घंटा वाजते. त्या बाईसाठी घंटा वाजवायला कुणी नसतं. शेजारच्या घराने दार वाजवायला हवं. नवराबायकोचं भांडण म्हणून दार लावून घेणं आता पुरे.

आणखी एक. आपल्या वस्तीत साठीच्या पुढची कितीतरी माणसं हात थरथरतात, पाय घासत चालतात, चेहऱ्यावर हसू उमटत नाही, आवाज बारीक झालेला, अक्षर लहान झालेलं. वय झालं म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवू नका. हा पार्किन्सन असू शकतो. तो मुळापासून बरा होत नाही, पण औषधाने माणूस बरीच वर्षं आपलं आपण करू शकतो. गोळी घड्याळ लावून द्यायची असते आणि मनाने एकदम बंद करायची नसते. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत अलीने थरथरत्या हाताने पेटवली ती सगळ्या जगासमोर. आजार लपवला नाही. मग आपल्या आजोबांनी लग्नाच्या मांडवात हात खिशात घालून का बसावं?

आता त्या माउलीला आमचं उत्तर. पाठव. शिस्त लागेल, व्यसनापासून लांब राहील, अंगात धमक येईल. पण पाठवण्याआधी सरांकडे स्वतः जा आणि तीन गोष्टी विचार. सरावात रोज डोक्यावर मारू देतात का? पोरगा चक्कर येऊन पडला तर डॉक्टरने सांगेपर्यंत त्याला रिंगबाहेर ठेवतील का? वजन उतरवायला पाणी तोडायला किंवा गोळ्या घ्यायला लावतात का? पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर "नाही" आणि मधल्याचं "हो" असेल, तरच नाव घाल. चांगला शिकवणारा या प्रश्नांनी रागावणार नाही.

आणि पोराला अलीबरोबर एडी फचचीही गोष्ट सांग. एखाद्या दिवशी तो "मला अजून लढायचंय" म्हणेल. तेव्हा त्याला खाली बसवायचं काम तुझं आहे.

जय भीम.