थंड पाण्याचा पाहुणा

मे महिन्यातील एका दुपारी आमच्या शेजारची मुलगी धावत माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावरील काळजी पाहून घरात कोणी आजारी पडले असावे असे मला वाटले. ते खरेच होते. मात्र आजारी होता तो तिच्या काचेच्या टाकीतील अ‍ॅक्सोलॉटल.

"काका, तीन दिवस झाले, तो काही खात नाही. त्याच्या कल्ल्यांची टोके पुढे वळली आहेत, आणि एका कल्ल्यावर कापसासारखे पांढरे काही दिसते. मी त्याला कोणते औषध देऊ?"

मी तिच्याबरोबर गेलो. टाकी स्वच्छ होती. तीत शोभेच्या वनस्पती होत्या, लहानसा दिवा होता. मुलीने आपल्या परीने काहीही कमी केले नव्हते. मी पाण्यात तापमापक बुडविला. पारा ३० अंश सेल्सिअसवर जाऊन थांबला.

"बाळ, याला औषध मागाहून पाहू," मी म्हणालो, "आधी याला थंड पाणी हवे."

मुलांनो, त्या दुपारपासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. एखाद्या प्राण्यावर प्रेम करणे म्हणजे नेमके काय? त्याला जवळ ठेवणे, की त्याला जे हवे ते देणे? पुष्कळदा या दोन गोष्टी आपणांस एकच वाटतात. परंतु त्या एक नव्हेत, असे माझे मत आहे. ते कसे, हे समजण्यासाठी या प्राण्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलमँडरांच्या कुळातील उभयचर प्राणी आहे. बेडकाचे पिल्लू पाण्यात जन्मते, कल्ल्यांनी श्वास घेते आणि मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येते, हे तुम्हांस ठाऊक आहेच. अनेक सॅलमँडरांचेही असेच होते. अ‍ॅक्सोलॉटल मात्र वयात आला तरी सहसा आपले बालरूप सोडत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे झुपकेदार कल्ले घेऊन तो जन्मभर पाण्यातच राहतो. त्याचा पाय तुटला तर तेथे नवा पाय फुटतो. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांस त्याचे मोठे कुतूहल आहे.

त्याचे मूळ घर मेक्सिको देशात आहे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसले आहे. आपले महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंच आहे. यावरून त्या उंचीची कल्पना यावी. या शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथे जुन्या सरोवराचे कालवे अद्याप शिल्लक आहेत. रात्री गार होणाऱ्या त्या पाण्यातच हा प्राणी पिढ्यान् पिढ्या वाढला. १८६४ साली मेक्सिकोहून ३४ जिवंत अ‍ॅक्सोलॉटल पॅरिस येथे नेण्यात आले. त्यांपैकी सहा ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले, व पुढच्याच वर्षी त्यांना पिल्ले झाली. तेथून हा प्राणी प्रयोगशाळांतून व पुढे लोकांच्या घरांतून जगभर पसरला.

येथेच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. माणसाने प्राणी उचलला व दूर नेला; पण त्याचे थंड पाणी त्याच्याबरोबर नेले नाही. अ‍ॅक्सोलॉटलला साधारण १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते. ते २४ अंशांच्या वर गेले की त्याच्या जिवाला घोर लागतो. आणि आपल्या मुंबईत, नागपुरात किंवा कोकणात उन्हाळ्यात नळाचे पाणीदेखील याहून ऊन असते. शेजारच्या मुलीने आपला अ‍ॅक्सोलॉटल डिसेंबरात आणला होता. त्या गारव्यात तो ठीक होता. फाल्गुन संपला, चैत्र आला, पाणी दिवसेंदिवस तापत गेले. परंतु ज्याला बोलता येत नाही तो तक्रार कशी करणार?

उष्णतेने तो आजारी का पडतो, हे नीट समजून घ्या. कारण कारण समजले की उपाय आपोआप सुचतो. पाणी जितके ऊन, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. १५ अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. उलट उभयचरांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे चढते, आणि ते चढले की शरीराचे व्यापार वेगाने चालून प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे गरज वाढावी आणि पुरवठा घटावा, असा हा दुहेरी कोंडमारा आहे. त्यातच उरलेले अन्न ऊन पाण्यात लवकर कुजते. मलमूत्रातून होणारा अमोनिया अशा पाण्यात अधिक घातक ठरतो. जंतू झपाट्याने वाढतात, आणि थकलेल्या शरीरावर बुरशी धरते. तो पांढरा कापूस म्हणजे हीच बुरशी. ती दिसते म्हणून आपण तिलाच रोग समजतो; खरा रोग पाण्यात असतो.

म्हणून अशा प्राण्याच्या शुश्रूषेत पहिला मान गार व स्वच्छ पाण्याचा आहे. आम्ही त्या दिवशी जे केले, ते असे. एका स्वच्छ डब्यात पाणी घेतले. नगरपालिकेच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो, आणि तो या प्राण्याच्या कल्ल्यांना व नाजूक त्वचेला पोळतो. म्हणून क्लोरीन नाहीसा करणारे औषध त्यात घातले. अ‍ॅक्सोलॉटलला हाताने न पकडता पाण्यासकट भांड्यात घेऊन डब्यात सोडले, आणि डबा घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून ती डब्यात तरंगत ठेवली. बाटली वितळली की दुसरी.

मुलगी उतावीळ झाली होती. "बर्फच पाण्यात टाकू का?" असे तिने विचारले. मी तिला थांबविले. उन्हातून आलेल्या माणसावर कोणी एकदम बर्फाचे पाणी ओतले तर तो दचकेल. इवल्या जिवाला तर असा झटका सोसवतच नाही. पाणी काही तासांत, थोडे थोडे करूनच उतरवावयाचे असते, आणि रोज बदलावयाचे ताजे पाणीही आधी तितकेच गार करून घ्यावे लागते.

पाणी गार राखण्याची आणखी एक युक्ती तुमच्या घरातच आहे. माठातील पाणी थंड का राहते? माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा वाहू दिला तर हेच घडते, आणि पाणी काही अंशांनी उतरते. परंतु ज्याप्रमाणे दमट हवेत माठ फारसा गार होत नाही, त्याप्रमाणे मुंबईसारख्या शहरात पंख्याचा उपयोगही बेताचाच होतो. तेथे पाणी थंड करणारे यंत्रच लागते, आणि ते महाग असते.

औषधांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. उभयचरांची त्वचा पातळ असते. पाण्यात जे मिसळले असेल ते तिच्यातून अंगात भिनते. म्हणून माशांसाठी विकले जाणारे औषध किंवा माणसांचे मलम आपल्या मनाने कधीही वापरू नये. गारव्याने व स्वच्छतेने दोनचार दिवसांत उतार पडला नाही, अथवा जखम दिसली, तर अशा प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडेच गेले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, "एवढी यातायात असेल तर असा प्राणी पाळणे हा गुन्हाच म्हणावयाचा काय?" मी तसे म्हणत नाही. ज्याच्या घरी बारा महिने थंड पाण्याची सोय आहे, आणि दहा-पंधरा वर्षे जगणाऱ्या जिवाची जबाबदारी घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याने नियमांप्रमाणे त्याची नोंद करून तो अवश्य पाळावा. माझा आक्षेप आहे तो आधी आणावयाचे आणि मग विचारावयाचे, या रीतीला. चित्रात पाहिले, हसरे तोंड आवडले, दुकानात मिळाले, घरी आणले. या साऱ्यात आपल्या आवडीचा विचार झाला. ज्याला आणावयाचे त्याचा झालाच नाही.

दुसरा कोणी म्हणेल, "हा प्राणी त्याच्या मूळ घरी नष्ट होत चालला आहे. मग आम्ही घरी पाळला तर तो वाचेल, नाही का?" हा युक्तिवाद वरवर गोड आहे. सोचिमिल्कोच्या पाण्यात १९९८ साली एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल असावेत असा अंदाज होता. २०१४ साली ते अवघे ३६ असल्याचे आढळले. शहराचे घाण पाणी आणि माणसानेच कालव्यांत सोडलेले कार्प व तिलापिया मासे यांनी ही दशा केली. परंतु आपल्या टाकीतील एका अ‍ॅक्सोलॉटलने त्या कालव्यांत एकाचीही भर पडत नाही. तेथील विद्यापीठाचे शास्त्रज्ञ व शेतकरी मिळून कालव्यांचे काही भाग गाळण्या लावून माशांपासून राखतात आणि पाणी स्वच्छ करतात. अशा सुधारलेल्या पाण्यात व एका कृत्रिम तळ्यात बंदिवासात जन्मलेले १८ अ‍ॅक्सोलॉटल सोडून पाहिले. ते तगले, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या प्राण्याला वाचविणारी गोष्ट कोणती? त्याचे स्वतःचे पाणी त्याला परत मिळणे. टाकीत असो वा सरोवरात, नियम एकच.

आणि हो, पाळणे झेपत नाही म्हणून असा प्राणी आपल्याकडील तळ्यात वा नदीत कधीही सोडू नये. ऊन पाण्यात तो स्वतः तडफडेल, आणि त्याच्याबरोबर गेलेले रोग आपल्या बेडकांना लागण्याची भीती असते. कार्प आणि तिलापिया मासेही कोणीतरी चांगल्याच हेतूने सोडले होते, हे विसरू नका.

शेजारच्या मुलीने दहा दिवस नेमाने पाणी बदलले, रात्री उठून बाटल्या बदलल्या. आठव्या दिवशी अ‍ॅक्सोलॉटलने गांडुळाचा एक तुकडा गिळला. त्याचे कल्ले पुन्हा सरळ झाले. तिचा आनंद काय वर्णावा! परंतु अजून अर्धा उन्हाळा उरला होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चैत्र येणारच होता. थंड करणारे यंत्र घेणे त्या घराला परवडणारे नव्हते. तिने दोन दिवस विचार केला. मग तिच्या वडिलांनी तसे यंत्र असलेल्या एका जाणत्या गृहस्थांचा शोध घेतला, आणि तिने आपला अ‍ॅक्सोलॉटल स्वतःच्या हाताने त्यांच्या स्वाधीन केला. परत येताना ती रडत होती. मी तिला उगी केले नाही. ते रडणे मला योग्यच वाटले.

औषध मागण्यासाठी ती माझ्याकडे धावत आली, तेव्हा तिची माया खरीच होती. पण ती माया अजून "माझा" या शब्दाला धरून होती. निरोप देताना तो शब्द तिने सोडला. मुक्या जिवाला घरी आणण्यापूर्वी, तो मला आवडतो काय, एवढेच विचारून भागत नाही. माझे घर त्याला मानवेल काय, हेही विचारले पाहिजे; आणि उत्तर "नाही" असे आले, तर त्याला न आणणे हेच त्याच्यावरील पहिले प्रेम होय.