स्वस्त भाड्याचे विमान व आम्ही शेतकरी

जळगावच्या विमानतळावरून एप्रिल २०२४ मध्ये ‘फ्लाय नाइन्टीवन’ नामक नव्या कंपनीने गोवा व हैदराबाद या दोन ठिकाणी, आणि पुढे लवकरच पुण्यास, स्वस्त भाड्याची विमाने सुरू केली, हे वाचकांस विदित आहेच. त्यानंतर एका वर्षाने, १६ एप्रिल २०२५ रोजी, अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळ उघडून ‘अलायन्स एअर’चे मुंबईचे विमान आठवड्यातून तीन दिवस या बेताने सुरू झाले. अशा रीतीने आमच्या सोनाळ्याच्या पश्चिमेस एक व पूर्वेस एक असे दोन विमानतळ जागे झाले. मध्यंतरी अकोल्यास शिवणी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचा तिसरा आहेच. पण त्याची धावपट्टी आखूड, म्हणून तो उतारूंच्या विमानाची वाट पाहत पडून राहिला आहे.

तेव्हापासून सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात, बाजाराच्या दिवशी चार बागाईतदार एकत्र जमले की एक वाक्य हटकून कानी पडते : “आता आपली संत्री विमानाने जाणार.” हे वाक्य बोलणाऱ्याच्या मुखावरील आशा पाहून त्याचा हिरमोड करणे आमच्या जिवावर येते. परंतु शेतकऱ्याने आशेवर पेरणी करावी, हिशेब मात्र आशेवर करू नये. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मालाचीच गोष्ट घेऊ. या मार्गांवर जी एटीआर ७२ जातीची पंख्याची विमाने चालतात, त्यांत सत्तरांच्या आसपास उतारू बसतात. उतारू व त्यांची बोचकी घेतल्यावर पोटात जागा उरते ती फार तर टन-दीड टन वजनाची. एका बऱ्या बागेची एका दिवसाची तोड भरावयास दहा टनांचा ट्रक लागतो, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. म्हणजे एक ट्रक संत्री न्यावयास सहा-सात विमाने पाहिजेत, आणि विमान येणार आठवड्यातून तीन दिवस ! बरे, भाड्याचा प्रश्न तर वेगळाच. किलोमागे ज्या फळास बाजारात पाचपन्नास रुपये मिळावयाचे, त्यास विमानाचे भाडे सोसत नाही. केनियातील गुलाब विमानाने हॉलंडास जातात, आमच्या कोकणचा हापूस विमानाने विलायतेस जातो, ते त्यांच्या वजनाच्या मानाने त्यांची किंमत मोठी म्हणून; आणि ज्या नाशिकच्या द्राक्षांचे नाव जगात झाले ती द्राक्षे बहुतांशी थंड पेटाऱ्यांतून आगबोटीनेच युरोपास जातात, विमानाने नव्हे. शासनाने २०२० मध्ये ‘कृषि उडान’ ही योजना काढली व ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती जाहीर केली. तिचा मुख्य रोख ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश व आदिवासी मुलूख यांच्यावर आहे, आणि तो योग्यच आहे, कारण तेथे रस्ता व आगगाडी दोन्ही दुर्लभ. आमच्या भागात अशा वाहतुकीस योग्य असा माल म्हणजे अकोट-अंजनगावकडील नागवेलीची पाने, थोडी फुले, निवडक बी-बियाणे, एवढाच. त्याची सोय झाल्यास आनंदच आहे. पण कपाशी, सोयाबीन, तूर, संत्री, केळी यांचा विमानाशी काही एक संबंध नाही, हे स्पष्ट बोललेले बरे.

तर मग विमान कोणाचे? माणसांचे. पुण्या-हैदराबादेस नोकरीस असलेली आमची मुले, व्यापारी, कामदार, शेगावास श्रींच्या दर्शनास येणारे दूरदूरचे भाविक, आणि क्वचित प्रसंगी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तातडीने न्यावयाचा रोगी, यांस ते उपयोगी पडेल. हा उपयोग लहान नाही. शेतकऱ्याच्या मुलाने विमानात बसणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही मुळीच बसत नाही. परंतु माणसांचे वाहन आहे तर त्याचे मोजमाप माणसांच्याच हिशेबाने करावे. सत्तर जागांचे विमान आठवड्यातून तीनदा गेले, तर एका दिशेस आठवड्याला दोनशे दहा माणसे गेली. चव्वेचाळीस बैठकांची एस. टी.ची एकच गाडी रोज एक खेप करील, तर आठवड्यास तीनशे आठ माणसे नेईल. शिवाय सोनाळ्याहून जळगावचा विमानतळ गाठावयाचा म्हणजे तीन-चार तासांचा रस्ता. तेवढ्या वेळात शेगावास जाऊन, भोजन आटोपून, रात्रीच्या आगगाडीत आपली जागा धरून मनुष्य स्वस्थ निजू शकतो व सकाळी मुंबईस उतरतो.

आता भाडे स्वस्त कसे, ते पाहू. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘उडान’ योजना काढली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमाने निघाली. त्यांत आमच्या मराठवाड्यातील नांदेडहून हैदराबादेस जाणारे एक होते. सुमारे तासाभराच्या प्रवासास निम्म्या जागा अडीच हजार रुपयांच्या आत द्यावयाच्या, आणि त्यामुळे कंपनीस येणारी तूट तीन वर्षेपर्यंत सार्वजनिक निधीतून भरून द्यावयाची, असा तिचा सांगाडा आहे. तुटीचा मोठा हिस्सा मोठ्या शहरांमधील विमानांवर बसविलेल्या आकारातून येतो व सामान्यतः पाचवा हिस्सा राज्य शासन देते. त्याखेरीज राज्याने जमीन फुकट द्यावयाची, पोलीस व आगीचा बंब फुकट ठेवावयाचा, आणि विमानाच्या इंधनावरील कर १ टक्क्यावर आणावयाचा. आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर हेच राज्य शासन किती पटींनी अधिक कर घेते, हे पंपावर उभे राहणाऱ्यास निराळे सांगणे नको. असो. सार्वजनिक कामास सार्वजनिक पैसा लागतो. आमचे धरण, आमची वीज, आमचे रस्ते यांसही तो लागला. तेव्हा मदत दिली म्हणून आमची तक्रार नाही. मदत संपल्यावर काय उरते, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर देशाच्या महालेखापालांनी २०२३ च्या अहवालात देऊन ठेविले आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटून दिले गेले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि मुदत सरल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, स्वतःच्या पायावर उभे राहिले ते अवघे ५४. एखाद्या वाणाच्या शंभर दाण्यांतून सात उगवले तर आम्ही त्या बियाण्याच्या दुकानी पुन्हा पाऊल टाकतो काय?

जळगावाने हा अनुभव स्वतः घेतलेला आहे. तेथील नवा विमानतळ मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उघडला. त्यानंतर डिसेंबर २०१७ पर्यंत नियमित विमानाची वाट पाहण्यात गेली. मग ‘एअर डेक्कन’चे एकोणीस आसनी चिमुकले विमान मुंबईहून आले, आणि थोड्याच महिन्यांत येईनासे झाले. २०१९ मध्ये ‘ट्रूजेट’ आली. अहमदाबाद-जळगाव-मुंबई असा तिचा मार्ग होता. ती कंपनीच फेब्रुवारी २०२२ मध्ये थंडावली. पुन्हा दोन वर्षे धावपट्टी रिकामी, आणि मग एप्रिल २०२४ चे हे नवे आगमन. प्रत्येक वेळी फीत कापली गेली, प्रत्येक वेळी हार पडले. कोकणातही तोच प्रकार : सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटाने उघडला, आणि तीन वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचे ते विमान बंद पडले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. स्वस्त विमानाची कल्पना या देशात प्रथम रुजविणारे कॅप्टन गोपीनाथ हे मूळचे आमच्याच धंद्यातले. कर्नाटकात हसन जिल्ह्यात गोरूर हे त्यांचे गाव. वडिलार्जित जमीन हेमावतीच्या धरणात गेली, तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने बदली मिळालेल्या ओसाड रानात तंबू ठोकून शेती केली, रेशीमकिडे पाळले, आणि त्या कामासाठी १९९६ मध्ये त्यांस रोलेक्स पारितोषिक मिळाले. २००३ मध्ये त्यांनी एअर डेक्कन काढली व पुढे एक रुपयाचे तिकीटही विकून दाखविले. पुढे ती कंपनी किंगफिशरच्या घशात गेली व किंगफिशर स्वतः २०१२ मध्ये बसली. मधल्या काळात, २००९ मध्ये, त्याच गोपीनाथांनी आमच्या विदर्भातील नागपूर हे मुख्य ठाणे करून केवळ मालाच्या विमानांची कंपनी काढली होती. तीही दोनेक वर्षांत आटोपली. जळगावास २०१७ मध्ये आलेले विमान त्यांचाच दुसरा प्रयत्न होय. अशा कल्पक, कष्टाळू आणि शेतीचा घाम गाळलेल्या पुरुषासही जे साधले नाही, ते केवळ भाडे कमी ठेविल्याने दुसऱ्यास सहज साधेल, असे मानण्यास आमचे मन घेत नाही.

अमेरिकेने याबाबत निदान आपल्या मनाची फसवणूक केली नाही. १९७८ मध्ये तेथे विमानकंपन्यांवरील निर्बंध उठले, तेव्हा लहान गावांची विमाने बंद पडू नयेत म्हणून दहा वर्षांची मदत ठरली. दहा वर्षे सरली, मदत सरली नाही, आणि पुढे ती कायमचीच करण्यात आली. लहान गावास विमान हवे असेल तर समाजाने त्याचा भार सदैव वाहावा लागतो, हे त्यांनी कबूल केले. आमच्याकडे मात्र तीन वर्षांत रोप झाड होईल असे धरून चालतात.

वऱ्हाडास या गोष्टी नवीन नाहीत. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव हा लहानसा लोहमार्ग उघडला, तो कपाशीच्या गाठींसाठी. मालाची गरज खरी होती म्हणून तो मार्ग टिकला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची आमची शकुंतला मात्र कपाशी वाहून वाहून शेवटी मोडकळीस येऊन थांबली. आणि अकोला-खांडवा ही मीटरमापी आगगाडी, जिच्यातून मेळघाटच्या रानातून लोक नर्मदेच्या मुलखात जात, ती रुंदीकरणासाठी गेल्या दशकात बंद करण्यात आली. अकोल्याहून अकोटपर्यंत रुंद मार्ग होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी सुरू झाली. पुढचा भाग व्याघ्रप्रकल्पातून न नेता बाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद यांच्याकडून न्यावा, असे ठरू लागले. वाघाचे रान वाचावे व आमच्या गावास आगगाडी मिळावी, असा दुहेरी लाभाचा हा बेत. एका मालगाडीत शेकडो ट्रकांचा माल जातो. रावेर-सावद्याची केळी आगगाडीने दिल्लीस जातात, हे आमचे शेजारी नित्य पाहतात. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, आणि पुढे निम्म्या भाड्याच्या सवलतीत फळांचे डबे किती झपाट्याने भरत, हेही लोकांनी पाहिले. सोनाळ्यास स्थानक झाले तर संत्र्याचा बागाईतदार अडत्याच्या ट्रकाची वाट पाहत बसणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आमच्या लोकप्रतिनिधींपाशी धरावयाचा आग्रह एकच असेल, तर तो प्रथम या लोहमार्गाचा असावा. विमानाबद्दल आम्ही मागणी करू ती मर्यादित करू, पण नेटाने करू. फेऱ्यांचे दिवस व वेळा वर्षभरापुरत्या ठरवून जाहीर व्हाव्यात. आज आहे उद्या नाही अशा विमानाच्या भरवशावर मुलीचे लग्न किंवा रोग्याची शस्त्रक्रिया ठरविता येत नाही. विमानतळावर पाने-फुलांपुरती एक लहान थंड खोली असावी. शेगावच्या स्थानकापासून विमानतळापर्यंत विमानाच्या वेळेस जुळणारी एस. टी. असावी, हिला सर्वांत कमी खर्च व सर्वांत अधिक उपयोग आहे, आणि म्हणूनच कदाचित तिचे कोणी नाव काढत नाही.

शिवणीच्या धावपट्टीविषयी अधिक स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. ती वाढवावयाची तर लगतची डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची व खाजगी शेतकऱ्यांची जमीन लागते, आणि तो वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. विद्यापीठाची जमीन ही पडीक माळ नव्हे. वाणांच्या परीक्षणाचे वावर एकदा डांबराखाली गेले की ते पुन्हा वावर होत नाही. अकोल्यास विमान नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणती कंपनी, कोणत्या गावी, आठवड्यातून किती दिवस आणि मदत सरल्यावर किती काळ विमान चालवील, याचा लेखी करार आधी व्हावा, आणि जमिनीची मोजणी त्यानंतर व्हावी. जमीन कायमची द्यावयाची आणि विमान तीन वर्षांचे, हा सौदा आमच्या गावच्या अत्यंत भोळ्या कुळानेही केला नसता.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी जळगाव अथवा बेलोरा येथून विमानाचा प्रवास केला असेल, त्यांनी तिकिटास किती पैसे पडले, घरापासून विमानतळापर्यंत जाण्यास किती खर्च आला, आणि विमान ठरल्या दिवशी ठरल्या वेळी निघाले की नाही, एवढ्या तीन गोष्टी पोस्टकार्डावर आम्हांस कळवाव्या. नावे न छापता त्यांचा तक्ता आम्ही पुढील अंकांतून देत जाऊ.