‘फ्रँकेन्स्टाइन’ घरात आणावं का?

सुटी जवळ आली की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलं भीतिकथा मागतात, आणून द्याव्यात का? विचारणाऱ्यांची काळजी खोटी नाही. साया, करणी, जिन्न यांच्या भीतीवर पोट भरणारे ताबीजवाले आपल्या मोहल्ल्यांत आधीच पुष्कळ आहेत. त्यात पुस्तकांची भर कशाला, असं अम्मी-अब्बांना वाटणारच. नुसतं दचकवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल आम्हीही तेच म्हणू. पण जुन्या भयकथांतली एक कादंबरी आम्ही आवर्जून घरात आणू. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’.

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकून पडलेल्या कवी बायरनने सोबत्यांना सुचवलं, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. मेरी तेव्हा १८ वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच तिची आई वारली होती, आणि आदल्याच वर्षी तिची स्वतःची पहिली तान्ही मुलगीही गेली होती. तिची गोष्ट १८१८ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने आली, लेखिकेचं नाव न छापता.

सिनेमामुळे बहुतेकांना फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव वाटतं. ते त्याला घडवणाऱ्या तरुणाचं, व्हिक्टरचं आडनाव. घडवलेल्याला नावच नाही. या पुस्तकात भूत नाही, जिन्न नाही, मंत्रतंत्रही नाही. शिकणारा एक तरुण मेलेल्या देहांचे तुकडे जोडून त्यात प्राण आणतो, आणि त्याने डोळे उघडताच त्याच्या कुरूपतेला घाबरून खोलीतून पळ काढतो. माणसाने निर्माणकर्त्याची बरोबरी करू नये, असा धडा यातून काढतात. काढावा. पण आम्हाला त्याचा मोठा गुन्हा पळून जाण्याचा वाटतो. ज्याला आपण जगात आणलं, त्याला तो एक शब्दही शिकवत नाही.

शब्द तो जीव चोरून शिकतो, आणि पुस्तकाचा हा मधला भाग आपल्या घरांतून सगळ्यात लक्ष देऊन वाचला जावा. जर्मनीतल्या एका खेड्यात डी लेसी नावाचं फ्रेंच कुटुंब हलाखीत राहतं. ही हलाखी का आली? पॅरिसमध्ये एका तुर्की व्यापाऱ्याला मृत्युदंड झाला होता, आणि लोकांत बोललं जात होतं की त्याच्या गुन्ह्यापेक्षा त्याचा धर्म आणि त्याची संपत्तीच त्याला भोवली. या घरातल्या फेलिक्सला तो अन्याय सहन झाला नाही. त्याने व्यापाऱ्याला पळून जायला मदत केली. घरच्यांना तुरुंग भोगावा लागला, मालमत्ता गेली, देश सुटला. पुढे व्यापाऱ्याची मुलगी सफी त्यांच्याकडे येते. फेलिक्स तिला भाषा शिकवतो, आणि शेजारच्या पडवीत लपलेला तो जीव भिंतीच्या फटीतून तेच धडे गिरवतो.

एक दिवस धीर करून तो घरातल्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो. म्हातारा आंधळा आहे, म्हणून मायेने ऐकून घेतो. इतक्यात बाकीचे येतात, आणि फेलिक्स काही न विचारता त्याला काठीने बडवतो. तोच फेलिक्स! नुसतं नाव कळल्यावर ज्यांना भाड्याने खोली नाकारली गेली आहे, त्यांना हे पान समजावून सांगावं लागणार नाही. तो जीव पुढे खून करतो, एका लहान मुलाचाही. कादंबरी त्यावर पांघरूण घालत नाही, आपणही घालू नये.

आता तक्रार. हे सगळं ज्या लेखिकेला दिसलं, तीच त्या तुर्काला कृतघ्न दाखवते. मुलीचं लग्न लावून देण्याचा शब्द तो फिरवतो. सफीची आई ख्रिस्ती अरब, तुर्कांनी गुलाम केलेली. इस्लाममध्ये बाईला स्वतंत्र विचार करायला मनाई आहे, असं ती मुलीला शिकवते. त्या काळच्या युरोपची ही ऐकीव माहिती मेरीने तपासल्याशिवाय उचलली. फेलिक्सच्या हातातली काठी जिला ओळखता आली, तिला स्वतःच्या हातातली लेखणी ओळखता आली नाही. तरी पुस्तक बाद करावं असं आम्हाला वाटत नाही. उलट नववी-दहावीच्या मुलामुलींशी या विषयावर बोलायला याहून चांगलं निमित्त मिळणं कठीण.

सुरुवातीची पत्रं रेंगाळतात, तिथे कंटाळून पुस्तक मिटू नका. १८३१ मध्ये मेरीने बदल करून नवी आवृत्ती काढली. आम्हाला १८१८ चीच आवडते. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे इंग्रजी मूळ मोबाइलवर फुकट मिळतं. मात्र मुलांच्या हाती देताना सफीची प्रकरणं गाळू नका. ती एकत्र बसून वाचा.