सुटीतली पंगत आणि उत्पन्नाचा दाखला

आपल्याकडे शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुटी लागते आणि मेअखेरीला शाळा पुन्हा उघडते. कोल्हापूर-सांगलीकडच्या मामे-आतेभावंडांची परीक्षा तेव्हा व्हायचीच असते, त्यामुळे आपली मुले एप्रिलभर ऐटीत असतात. बहुतेक घरांत ही सात आठवड्यांची सुटी म्हणजे आंबे, करवंदे आणि पाहुणे. काही घरांत मात्र तिचा अर्थ एवढाच, की दुपारचे जे एक गरम जेवण ठरलेले होते, ते सात आठवडे बंद.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या मागच्या शेडमध्ये सुटीतले जेवण चालवण्याचे काम आम्ही काही शिक्षक, चार माता-पालक आणि दोन-तीन माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. यंदाच्या तयारीच्या बैठकीत विश्वस्त मंडळापुढे दोन सूचना आल्या. पहिली, जेवण फक्त गरजू मुलांना द्यावे आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला घ्यावा. दुसरी, रोज चूल पेटवण्याऐवजी सुटी लागतानाच तांदूळ-डाळीची पिशवी घरी द्यावी. दोन्ही सूचना चांगल्या हेतूने आल्या आहेत, आणि पैशाचा हिशेब मंडळालाच जुळवावा लागतो हेही आम्हांला कळते. तरी दोन्हींना आमचा विरोध आहे.

पिशवीचे आधी. हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्ये शिजवलेले अन्न न देता हजेरी पाहून मुलाला महिन्याला ३ किलो धान्य देत. ते धान्य घरच्या डब्यात जाई आणि चार-पाच तोंडांत वाटले जाई. त्यात गैर काही नाही, घरात सगळेच उपाशी असतात. पण मुलाचे दुपारचे जेवण त्यातून उभे राहत नव्हते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलेच जेवण द्या असा आदेश दिला, आणि २००२-०३ मध्ये कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ सुरू झाले. २०२० साली शाळा बंद असताना पुन्हा कोरडा शिधा वाटावा लागला. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आता तशी अडचण नाही.

आपल्या शाळेत वडगाव, शहापूर, खासबाग भागातल्या मागावरच्या कामगारांची मुले आहेत, गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्यांची आहेत, चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या आयांची आहेत. आई सकाळी आठला बाहेर पडते. मूल चहात बटर बुडवून खाते, गळ्यात किल्ली अडकवते आणि गल्लीत खेळायला जाते. दुपारी भूक लागली की हातातल्या दहा रुपयांचे चिप्सचे पाकीट. घरात पाच किलो तांदूळ असला तरी आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने गॅस पेटवावा असे कोणती आई म्हणेल? त्याच्यापुढे वाढलेले ताटच यावे लागते.

आता दाखल्याचे. तलाठ्याकडचे हेलपाटे, रजा टाकून बुडणारी मजुरी, हे सगळे बाजूला ठेवू. आमची खरी अडचण वेगळी आहे. मराठी मुलखात गरीब विद्यार्थ्याने ‘वार लावून’ जेवण्याची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या रीतीने कितीतरी माणसे शिकली, पुढे मोठी झाली, त्याबद्दल त्या घरांचे ऋण आहेच. पण त्यांतल्या अनेकांनी पुढे लिहिताना अन्नाची चव सांगितली नाही, बसायला कुठे सांगितले ते सांगितले. शिवाय ही सोय मुख्यतः एका थरातल्या मुलांची होती, बाकीच्यांना त्या ओटीवर प्रवेश नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले ते नेमके याच्या उलट होते. सगळ्या जातींची मुले एकत्र राहणार, एकत्र जेवणार. तिथे कोण कोणाच्या उपकाराने जेवतो हा प्रश्नच उरला नाही.

दाखला मागितला की आपल्या शेडमध्ये तो प्रश्न परत येईल. गेल्या वर्षी पंगतीत एका दुकानदाराचा मुलगाही बसत असे. घरी खायला भरपूर, पण मित्र इथे, म्हणून तोही इथे. त्याच्या ताटाचा खर्च वाया गेला असे काही जणांना वाटते. आमचे मत असे, की त्याच्यामुळेच त्याच्या शेजारचा मुलगा मान वर करून बसला. आधी घराच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत जाणाऱ्या सातवीच्या दोन मुली, हा मुलगा आणि त्याची टोळी येऊ लागल्यावर आल्या. वाढत्या वयाच्या मुली ‘फुकटचे जेवायला’ येत नाहीत. ‘सगळे जातात तिथे’ येतात.

याच ओघात आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलू. पहिल्याच आठवड्यात मुले आपली धाकटी भावंडे काखेत घेऊन आली. ती आपल्या पटावर नव्हती. नंतर मागच्या गल्लीतली कन्नड आणि उर्दू शाळेतली मुलेही आली. ‘आपल्या देणग्या आपल्या मुलांसाठी’ असे एका सभासदांनी ऐकवले. बेळगावात भाषेचे दुःख काय आहे ते आम्हांला कोणी शिकवायला नको. शाळा टिकवण्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी सोसले आहे. पण ताट हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलाला माध्यम विचारायचे आणि परत पाठवायचे, हे काम आमच्याकडून होणार नाही. मंडळाला ते करायचेच असेल तर वाढायला दुसरी माणसे बघावी लागतील.

‘हे सरकारचे काम आहे’ हा आक्षेप मात्र योग्य आहे. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही जेवण द्यावे असे सांगितले. मे २०१६ मध्ये तेच पुन्हा बजावले. २०२४ च्या उन्हाळ्यात कर्नाटकात दुष्काळी तालुक्यांतल्या शाळांत सुटीत जेवण झालेही. पण ज्या वर्षी दुष्काळ जाहीर होत नाही त्या वर्षी काय? मागावरच्या कामगाराच्या घरातला एप्रिल पावसाच्या आकड्यांवर चालत नाही. दरवर्षी सुटीत जेवण द्यावे अशी मागणी शाळेने लेखी करावी, आम्ही सह्या गोळा करू. उत्तर येईपर्यंत मुलांनी थांबावे असे मात्र नको.

आमच्या चुकाही सांगायला हव्यात. पहिल्या दिवशी साठ मुलांचा भात टाकला आणि एकोणीस मुले आली. उरलेला भात गोठ्यावर पोचवताना लाज वाटली. शाळेच्या सवयीने आम्ही एक वाजताची वेळ ठेवली होती. त्या वेळी डांबरी रस्ता असा तापतो की अनवाणी मूल चार पावले टाकू शकत नाही. वेळ अकराची केली आणि संख्या वाढत गेली. भाताचा घोळ स्वयंपाकाच्या मावशींनी सोडवला. आमटी आधी करून ठेवायची, ती थांबते. तांदूळ धुऊन ठेवायचे, आणि डोकी मोजल्यावरच आधणात टाकायचे. मुले ताटे धुऊन, हात धुऊन बसेपर्यंत भात होतो. आम्ही पदव्या घेतलेली माणसे आठवडाभर कागदावर अंदाज मांडत बसलो होतो.

उन्हाळ्याच्या स्वयंपाकाचे नियमही वेगळे. मेमध्ये मटकीला एका रात्रीत मोड येतात, आणि सकाळी उशीर झाला तर वासही येतो. ओले खोबरे आम्ही वर्ज्यच केले. शिळे काही ठेवायचे नाही. राकसकोपचे पाणी ज्या दिवशी येणार नाही त्या दिवसासाठी टाकी आदल्या रात्री भरायची. मुलांना सर्वांत आवडली ती ताकातली नाचणीची आंबील, त्याखालोखाल मुगाची खिचडी आणि शेंगदाण्याची चटणी. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचे जेवण जेवून २३ मुले दगावली, तेलात कीटकनाशक मिसळले गेले होते. ते आठवून तेलाचे डबे आणि कोठीची किल्ली एकाच व्यक्तीकडे ठेवली, आणि मुलांच्या आधी दोन मोठ्यांनी जेवायचे हा नियम एकही दिवस मोडला नाही. यंदा माणसे कमी पडली तर जेवण बंद ठेवू, हा नियम सोडणार नाही.

देणगीदारांना एक विनंती, रागावू नये. वाढदिवसाच्या जिलेबीला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, तूरडाळीला देणारे कमी. सरकारी मापाने प्राथमिकच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल लागते. म्हणजे ८० मुलांना ८ किलो तांदूळ, १ किलो ६०० ग्रॅम डाळ, ४ किलो भाजी, ४०० ग्रॅम तेल. वरच्या वर्गांतल्या मुलांना याच्या दीडपट. एका दिवसाची डाळ किंवा भाजी कोणालाही उचलता येईल. आणि जेवणाऱ्या मुलांबरोबर फोटो काढण्याचा आग्रह कृपया धरू नये. गेल्या वर्षी फोटोच्या दिवशी त्या सातवीच्या मुली आल्या नव्हत्या.

मंडळाची पुढची बैठक परीक्षेच्या आधी आहे. पालकांनी आपले मत, ते आमच्याविरुद्ध असले तरी, लिहून कार्यालयात द्यावे. तोवर आम्हांला एक मोठी शेगडी, झाकणाची दोन पातेली आणि सकाळी आठ ते बारा येऊ शकतील अशी चार माणसे हवी आहेत. शेडच्या पत्र्यावर टाकायला उसाचा पाला मिळाला तर तोही. गेल्या वर्षी वळीव येईपर्यंत खाली बसवत नव्हते.