भाव दुधाला की आकड्याला?



किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभे राहणाऱ्याला एक गोष्ट तोंडपाठ असते. भाव दुधाला मिळत नाही. फॅट आणि एसएनएफच्या आकड्याला मिळतो. पैसा आकड्यावर ठरला की आकडा फुगवणारा मधे उभा राहतोच. आपल्याकडे त्याच्या हाती युरिया सापडला, चीनमध्ये मेलामाइन.

न फुटणाऱ्या ताटल्या ज्या राळेच्या करतात, तिच्यात लागणारी ही पांढरी पूड. तिच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नुसता नायट्रोजन. आता गंमत बघा. प्रथिने मोजायची जुनी केल्डाल पद्धत प्रथिने मोजतच नाही. नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. म्हणजे दुधात पाणी ओता, वर थोडी पूड टाका, तपासणी म्हणणार दूध कसदार!

2008 साली शिजियाझुआंगच्या सानलू कंपनीच्या बाळांच्या दूधभुकटीत ही पूड सापडली. मग आणखी 21 कंपन्यांच्या मालात. सुमारे 3 लाख मुले आजारी पडली. तान्ह्या लेकरांना मुतखडे झाले. सरकारी आकड्याप्रमाणे 6 दगावली. कंपनीला हे ऑगस्टच्या सुरुवातीलाच ठाऊक होते. लोकांना कळले सप्टेंबरात, बीजिंगचे ऑलिंपिक पार पडल्यावर.

2009 मध्ये दोघांना मृत्युदंड झाला. एक पूड बनवून विकणारा, दुसरा दूध संकलन केंद्र चालवणारा. कंपनीच्या अध्यक्षांना जन्मठेप झाली. पण ज्याने गोठ्यात काहीच मिसळले नव्हते त्याचेही दूध कोणी घेईना. त्याने ते जमिनीवर ओतले, गाई विकल्या. 2008 च्या जानेवारीत चीन सरकारने महागाईच्या नावाखाली दुधाच्या भाववाढीला वेसण घातली होती आणि पेंड मात्र महागत होती, हे कोणी फारसे सांगत नाही. यात भेसळीचे समर्थन नाही. लेकराच्या तोंडी विष घालणाऱ्याला माफी कसली? पण चोरी कोणत्या वाटेवर झाली ते तरी नीट बघा.

2010 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक मंडळाने बाळांच्या भुकटीत किलोमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. तरी दूध हा एकच मार्ग नाही. नागअळीवर मारतात त्या सायरोमॅझिनचे विघटन होऊन पिकात आणि मातीत थोडे मेलामाइनच उरते. मेलामाइनच्या वाडग्यात गरम आंबट आमटी वाढली तर तेही थोडे पाझरते. पाण्यात टिकते, दूरवर जाते, म्हणून युरोपने जानेवारी 2023 मध्ये ते अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत घातले.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढे विचारून यावे: आपली किटली रोज तपासली जाते, मग टँकर गावाबाहेर पडल्यावर तो कोण तपासतो? आणि आपले दूध नाकारले तर सीलबंद दुसरा नमुना आपल्या हाती मिळतो का?